भाषांतर झाले, मोजपट्टीचे काय?

माणूस स्वतःशी किती प्रामाणिक राहून जगतो, हे मोजता येते का? अॅलेक्स वुड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यासाठी १२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान स्वतःला कितपत लागू पडते, हे १ ते ७ या श्रेणीत सांगायचे. त्यातून तीन घटक मोजले जातात : स्वतःच्या मूल्यांनुसार जगणे, इतरांच्या प्रभावाखाली वागणे आणि स्वतःविषयीचा परकेपणा. पहिला घटक अस्सलपणाची खूण. उरलेले दोन त्याच्या विरोधी.

ही मोजपट्टी कोरियन भाषेत नेताना खरी अडचण शब्दकोशाची नसते. कोरियन माणूस सहजपणे ‘उरी ओम्मा’, म्हणजे ‘आमची आई’, असे म्हणतो. मराठी माणसाला हे नवे नाही. समोरच्याचे वय आणि मान ध्यानात घेतल्याशिवाय तिथे वाक्याचे क्रियापदही ठरत नाही. न सांगता दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या हुशारीला ‘नुन्ची’ असे नाव आहे आणि ती नसणे ही उणीव मानली जाते. अशा समाजात इतरांचा कल पाहून वागणे ही अस्सलपणातील उणीव म्हणायची, की परिपक्वता?

म्हणूनच भाषांतर आणि उलट भाषांतर ही केवळ सुरुवात ठरते. वाचणाऱ्याला विधानातून नेमके काय उमगले, हे मुलाखतींतून तपासावे लागते. मग तीन घटकांची रचना नव्या भाषेतही टिकते का आणि समान अस्सलपणा असलेल्या दोन व्यक्तींना दोन्ही भाषांत समान गुण मिळतात का, हे सांख्यिकीने पडताळावे लागते. हे न करता दोन देशांच्या सरासरींची तुलना करणे म्हणजे शून्याची खूण सरकलेल्या तापमापकाने ताप ठरवणे होय. तिथे फरक माणसांत नसतो, उपकरणात असतो.

भारताला हा प्रश्न दूरचा नाही. आठव्या अनुसूचीतच २२ भाषा आहेत. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. एकच प्रश्न तमिळ, पंजाबी आणि आसामी कुटुंबांना विचारताना मोजपट्टी तीच राहते, हे गृहीत धरता येत नाही. सिद्ध करावे लागते. तरीही या कामाकडे ‘नुसते भाषांतर’ म्हणून पाहण्याची वृत्ती आहे. भौतिकशास्त्रात उपकरणाचे अंशांकन हा प्रयोगाचाच भाग असतो. मानसशास्त्रीय चाचणीच्या भाषिक अनुकूलनालाही तोच दर्जा, वेळ आणि निधी मिळायला हवा. राज्याराज्यांची तुलना मांडणाऱ्या प्रत्येक अहवालात मोजपट्टीच्या समानतेचा पुरावा मागण्याचा अधिकार वाचकांनीही बजावावा.