आधी दोर ओढा, मग कॉस-साइन म्हणा

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. अकरावीत सदिशांची बेरीज ज्या रीतीने शिकवतात तिला शिकवणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "कोनाजवळ कॉस, लांब साइन" एवढा मंत्र फळ्यावर लिहिला की क्लासवाले पुढच्या धड्याला मोकळे!

मी पडलो बी.ए., तेव्हा "आजोबा, तुमचा काय संबंध?" असे विचारले जाणारच. संबंध असा की दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली चांगली चांगली पोरे माझ्या पाहण्यात याच धड्यापाशी अडली, आणि "फिजिक्स आपल्याला जमत नाही" म्हणून सायन्स सोडून गेली. सदिश, घटक हे शब्द गेले, त्यांच्या जागी व्हेक्टर, कॉम्पोनंट आले आणि अर्थ दोन्हीकडून निसटला. (गंमत म्हणजे साइन हा शब्द मूळ आपल्या 'ज्या'वरूनच अरबी-लॅटिन वळसे घेत आलेला. असो.)

नाशिककरांना खरे तर हे अवघड जाऊच नये. कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात, दोर लावून माणसे ते ओढतात. समजा, उजव्या दोराला 100 न्यूटन ओढ आहे, डाव्याला 60, आणि दोन्ही दोर रस्त्याच्या मधल्या रेषेपासून 30 अंश बाहेर गेलेत. (आकडे सोयीचे घेतलेत, खऱ्या रथाला याच्या कितीतरी पट जोर लागतो.) एकूण ओढ किती? 160? नाही! प्रत्येक दोराचा थोडा जोर बाजूला जातो. उजव्याचा पुढे 86.6 आणि बाजूला 50, डाव्याचा पुढे 52 आणि बाजूला 30. पुढचे दोन्ही मिळवले की 138.6. बाजूचे एकमेकांविरुद्ध, म्हणून 50 उणे 30, उरले 20, तेही उजवीकडे. मग पायथागोरस लावा, 140 येतात. आणि दिशा? सरळ नाही, साधारण 8 अंश उजवीकडे. अरुंद गल्लीत ते उरलेले 20 काय करतील ते मुलांना विचारा, क्षणात सांगतील.

पटत नसेल तर आलेख कागद घ्या. 10 सेंटिमीटरची तिरकी रेघ, तिच्या टोकापासून दुसऱ्या बाजूला तिरकी 6 ची. सुरुवात ते शेवट मोजा, 14 भरते. एका तासिकेचे काम.

"सर, पोर्शन संपवायचा असतो, मंत्राने उत्तर येते ना!" येते की, पण पेपर काढणाऱ्याची कृपा असेल तोवर. त्याने कोन मधल्या रेषेऐवजी रस्त्याच्या आडव्या रेषेपासून 60 अंश दिला, आणि पोराच्या डोक्यात 'पुढे म्हणजे कॉस' बसलेले असले, की पुढची ओढ बाजूला आणि बाजूची पुढे! दोर डोळ्यांपुढे असता तर हे झालेच नसते. समांतरभुज चौकोनाचे सूत्र पाठ करणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. त्यात दोनच बले एका वेळी बसतात, तिसरा दोर आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. घटकांना दहा दोरांचेही भय नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. न्यूटनने 1687 च्या प्रिन्सिपियात नियमांपाठोपाठ लगेच बलांची जोडणी आणि फोड घेतली, ती काय उगीच?

वाचणाऱ्यांत कोणी फिजिक्सचे शिक्षक असतील तर दोन सुतळ्या, दोन तानकाटे आणि वर्गातले एक स्टूल एवढेच सामान लागते. स्टूल बहुधा वर्गात असतेच.