उबदार दिवाणखाना नको!

घरसजावटीवरचं कोणतंही पुस्तक उघडा. पहिल्या चार पानांत ‘उबदार’ हा शब्द भेटला नाही, तर दुकानदाराकडे पैसे परत मागायला हरकत नाही. भिंतींचे रंग उबदार हवेत, दिव्यांचा प्रकाश उबदार हवा, खिडक्यांना जाड पडदे लावून खोलीला ऊब आणावी, आणि पायाखाली एखादा उबदार गालिचा असला म्हणजे मग काय विचारता! हा सल्ला खिडकीबाहेर बर्फ पडणाऱ्या मुलखात जन्मला. तिथं तो शहाणपणाचाच आहे. तिथून तो मुंबईला आला, समुद्राच्या वाऱ्यावर कसाबसा तगला, आणि मग रेल्वेत बसून बडनेऱ्याला उतरला. स्टेशनावरच कोणीतरी त्याला परतीचं तिकीट काढून द्यायला हवं होतं.

कारण ऊब ही वस्तू आम्हां वऱ्हाडकरांना विकत घ्यावी लागत नाही. मार्च संपता संपता ती घरपोच येते आणि मृग लागल्याखेरीज हलत नाही. एप्रिल २०१९ मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढं गेला होता. अशा मुलखात माणसानं पदरचे पैसे मोजून मखमली सोफा आणि लाल गालिचा घ्यावा, म्हणजे समुद्रातल्या माशानं नळाचं कनेक्शन घेण्यासारखं आहे.

आता सोफ्याचंच घ्या. वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ज्या मुलखानं विलायतेला कापूस पुरवला, तो मुलूख आज फोमवर बसतो आणि त्यावर रेक्झिन चढवतो! कापसाची गादी घाम टिपते. दबली की उन्हात टाकावी, पिंजून घ्यावी, पुन्हा नवी. फोमला यातलं काही जमत नाही. त्यावर बसलेला पाहुणा मे महिन्यात उठू लागला, की रेक्झिन त्याला पाठीला धरून थांबवतं. इतका आग्रह तर यजमानही करत नाही.

अमरावतीला परकोटाच्या आत, जवाहर गेटाच्या पलीकडं जुने वाडे होते. त्यांतली बैठक म्हणजे एक गादी, पांढरी खोळ आणि दोन तक्के. पाय पसरावेत, लवंडावं, चार माणसं जास्त आली तर सरकून घ्यावं. सोफ्यावर सरकून घेता येत नाही. तिथं पाचवा माणूस नुसता उभा राहतो. आणि ओसरीत असायची बंगई. सागाची एक रुंद फळी आणि चार कड्या, एवढाच तिचा खर्च. ती फर्निचरही होती आणि पंखाही. वीज गेल्यावर बंद न पडणारा पंखा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

खरं म्हणजे उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या घराचा कुलस्वामी कूलर. नवसाला पावतो, पण त्याचे नियम कडक. बाहेरची कोरडी गरम हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून आत येते, ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड झालेला वारा अंगावर येतो. हवा जितकी कोरडी, तितका कूलर प्रसन्न. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत तो रुसतो आणि आमच्याकडं रमतो. अट एकच : आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी उघडी नसेल, तर खोलीचं इडलीपात्र होतं.

आणि नेमकी त्याच खिडकीला आपण शोकेस टेकवतो! उरलेल्या खिडक्यांवर जाड पडदे. कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, हॉलची शोभा घालवतो, म्हणून त्याची रवानगी आतल्या खोलीत. मग सगळं घर त्या आतल्या दहा बाय दहात सतरंजीवर पडलेलं असतं, आणि घरातली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत हवेशीर खोली कुलूप घातल्यासारखी रिकामी. काचेच्या शोकेसमध्ये चिनी मातीचे दोन हंस मात्र ऐसपैस राहतात.

माझं भांडण आहे ते इथं. हा हॉल कोणासाठी? पाहुण्यांसाठी, असं उत्तर येतं. वर्षाचे तास मोजा आणि त्यांतले पाहुण्यांचे तास मोजा. आणि मग घरातली म्हातारी आई मोजा; ती चोवीस तास घरात असते. तिची बाज कुठं असते? मागच्या टिनाच्या शेडमध्ये, जुनी सायकल, रद्दी आणि गव्हाच्या कोठीच्या शेजारी.

मी एका ओळखीच्यांचा नवा हॉल पाहायला गेलो होतो. छताला पीओपीची फुलं, फुलांत लपवलेले दिवे, सगळं उबदार. मी आजींची चौकशी केली. चिरंजीव म्हणाले, “आई मागं असते. तिला तिथंच बरं वाटतं.” मागून लगेच आवाज आला, “कोनाले बरं वाटते रे बाप्पा? मले इचारलं काय कोनी?” यानंतरचा चहा आम्ही दोघांनी छताकडं पाहत प्यायला.

काहीजण म्हणतील, “भाऊ, आता ए. सी. आले, तुम्ही अजून कूलरचं काय घेऊन बसलात?” आले ना. पण ए. सी. बहुतेक घरांत एकच, तो मुलगा-सुनेच्या खोलीत, दार घट्ट लावून. तो आतली उष्णता बाहेर फेकतो. त्याची पाठ मागच्या बाजूला असते, आणि मागच्या बाजूला कोण असतं ते वर सांगितलंच आहे.

दुसरा आक्षेप अब्रूचा. “पोरीले पाहाले पाहुणे येतीन, त्याईले काय बाजीवर बसवू?” बसवा! मे महिन्यात वऱ्हाडात आलेल्या पाहुण्याला आधी माठातलं पाणी लागतं, मग वारा लागतो, आणि शोकेसकडं तो तिसऱ्या कपाला पाहतो. बाज पाहून सोयरीक मोडणारे लोक असतील, तर ते बाजेमुळं आधीच कळले. एवढ्या स्वस्तात एवढी चौकशी कोणता मध्यस्थ करून देतो?

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचं सगळं सामान म्हणजे एक गाडगं आणि एक खराटा. तेवढ्यावर त्यांनी परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्याला तितकं जमणार नाही. मला तर दोन दिवससुद्धा जमणार नाही. पण आपल्याच घरातल्या माणसाला आपल्याच हॉलमध्ये जागा देणं, एवढं तरी जमावं.

तेव्हा सजावटीची माझी योजना अशी. हॉलमध्ये घरातल्या सगळ्यांत वडील माणसाची बाज, त्यावर कापसाची गादी. रस्त्याकडच्या खिडकीत कूलर, समोरची खिडकी उघडी, शोकेस हद्दपार. भिंतींना पांढरा रंग, गच्चीला चुना. पश्चिमेच्या खिडकीला आतून मखमल लावण्यापेक्षा बाहेरून वाळ्याचा पडदा लावा. ऊन एकदा काचेतून आत आलं, की पडदा त्याला फक्त बसायला जागा देतो. स्वयंपाकघरात धूर-वाफ बाहेर काढणारा पंखा पीओपीच्या आधी बसवा, कारण सजावटीच्या त्या पुस्तकांत मे महिन्याच्या दुपारी पोळ्या लाटणारी बाई कुठंच दिसत नाही. आणि बेडरूम? गच्चीवर संध्याकाळी पाणी मारा, रात्री बिछाने टाका. छताला तयार चांदण्या आहेत, पीओपीचा खर्च वाचला.

अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर देतो. गेलेल्यांना उन्हाळ्यात गार पाणी मिळावं, ही भावना मोठी सुंदर आहे. माझं म्हणणं इतकंच, की ही सोय थोडी लवकर सुरू करावी. म्हातारी अजून जिवंत आहे, टिनाखाली आहे, आणि हॉल रिकामा आहे. बाज उचलायला दोन माणसं पुरतात.