'ब्लू'नंतरचे पंधरा अल्बम

जोनी मिचेल आवडते असं कुणी सांगितलं की मी हल्ली एकच प्रश्न विचारते. 'ब्लू' सोडून काय ऐकलंस? बहुतेक वेळा समोरचा माणूस जरा अडखळतो. मग 'बिग यलो टॅक्सी'चं नाव येतं, किंवा 'लव्ह ॲक्च्युअली'मध्ये एमा थॉम्प्सन बेडरूममध्ये उभी राहून रडते तेव्हा वाजणारं ते गाणं. तेवढ्यावर विषय संपतो. आणि मला राग येतो. हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे, तेव्हा समतोल वगैरे शोधायला येऊ नका.

आधी हिशेब मांडते. 'साँग टू अ सीगल' 1968 साली आला, 'शाइन' 2007 साली. मधल्या एकोणचाळीस वर्षांत स्टुडिओत केलेले एकोणीस अल्बम. 'ब्लू' त्यातला चौथा, 1971 चा. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. म्हणजे तिच्या नंतरच्या पंधरा अल्बमना आपण 'आणि इतर'मध्ये टाकून दिलंय. एखाद्या लेखिकेची चौथी कादंबरी वाचून उरलेली पंधरा न उघडताच तिच्यावर पोस्टी लिहाव्यात, तसं हे आहे. लेखिकेच्या बाबतीत असं केलं तर कुणीतरी आपल्याला आडाणी म्हणेल. गाणाऱ्या बाईच्या बाबतीत चालतं.

'ब्लू' वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. हॉस्टेलच्या गच्चीवर, एका बाजूने बंद पडलेला इअरफोन कानात धरून मीही त्यावर रडलेय. 'रोलिंग स्टोन'ने 2020 मध्ये सार्वकालिक पाचशे अल्बमची यादी नव्याने केली, त्यात 'ब्लू' तिसरा होता. असू दे. माझं भांडण त्या अल्बमशी नाही, त्याच्याभोवती बांधलेल्या देवळाशी आहे. त्या देवळात एक तरुण, गोरी, सोनेरी केसांची, प्रेमभंग झालेली मुलगी कायमची बसवलीय. तिने तिथून उठायचं नाही, म्हातारं व्हायचं नाही, जॅझ वाजवायचा नाही, आणि आयर्लंडमधल्या नन्सबद्दल तर मुळीच बोलायचं नाही.

या देवळाचा मुख्य मंत्र म्हणजे 'कन्फेशनल' हा शब्द. तिने काळीज उघडं केलं, डायरी गायली, वगैरे. हा शब्द तिला स्वतःला कधीच रुचला नाही. पण गंमत बघा. 'ब्लू'मध्ये 'लिटल ग्रीन' नावाचं गाणं आहे. 1965 साली टोरोंटोत, लग्न न झालेल्या, खिशात पैसे नसलेल्या जोनीला मुलगी झाली आणि ती तिने दत्तक दिली. ते गाणं त्या मुलीबद्दल आहे. पण पुढची वीसहून जास्त वर्षं ऐकणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. नव्वदच्या दशकात बातमी फुटली आणि 1997 मध्ये आई-मुलीची भेट झाली, तेव्हा कुठे लोकांनी ते गाणं पुन्हा लावून बघितलं. म्हणजे ज्या अल्बमला आपण कबुलीजबाब म्हणून पुजतो, त्यातला सगळ्यात मोठा कबुलीजबाब पूजा करणाऱ्यांच्या कानावरून गेला. हे लोक ऐकत काय होते? बॉयफ्रेंड कोण ते शोधत होते.

आता 1994 चा 'टर्ब्युलंट इंडिगो' घ्या. मुखपृष्ठावर तिनेच रंगवलेलं स्वतःचं चित्र, व्हॅन गॉगसारखी कानाला पट्टी बांधलेलं. (ती चित्रकार आहे, आणि बऱ्याच अल्बमची मुखपृष्ठं तिनेच रंगवलीत. हेही 'इतर'मध्ये.) त्यात 'द मॅग्डलीन लाँड्रीज' हे गाणं आहे. आयर्लंडमध्ये कुमारी मातांना आणि 'वाया गेलेल्या' मुलींना नन्सच्या धोबीखान्यांत डांबून फुकट राबवून घेत. 1993 मध्ये डब्लिनमधल्या अशाच एका कॉन्व्हेंटची जमीन विकताना तिथे पुरलेल्या कितीतरी बायकांचे सांगाडे निघाले. ती बातमी वाचून जोनीने गाणं लिहिलं, त्या डांबलेल्या मुलींपैकी एकीच्या तोंडून. आयर्लंडच्या पंतप्रधानांनी देशातर्फे या बायकांची माफी मागितली 2013 मध्ये. गाणं त्याच्या एकोणीस वर्षं आधीचं. आणि ते लिहिणारी बाई स्वतः कुमारी माता होती, तिच्या देशात तिच्याही वाट्याला तीच लाज आली होती. 'लिटल ग्रीन' आणि हे गाणं एकामागून एक लावून बघा. कितीतरी वर्षांची एक बाय तिच्या आत वाहत होती आणि मध्ये कुठेतरी तिचं पाणी स्वतःपुरतं राहिलं नाही. हे 'ब्लू'वर थांबलेल्याला कधी कळणार?

दुसरा मंत्र पुरुषांचा आहे, गिटार वाजवणाऱ्या पुरुषांचा विशेष. 'जॅझच्या नादाला लागली आणि बिघडली.' माझ्या एका मित्राने हे मला कोथरूडच्या एका चहाच्या टपरीवर इतक्या खात्रीने सांगितलं होतं की मी दोन वर्षं 'हेजिरा' ऐकलाच नाही. त्या दोन वर्षांचा हिशेब मी त्याच्याकडे अजून मागितलेला नाही.

'हेजिरा' 1976 चा. मेनहून लॉस एंजेलिसपर्यंत एकटीने गाडी हाकत जाताना यातली बरीच गाणी लिहिली गेली. नाव अरबी 'हिजरा'वरून, पैगंबरांनी मक्का सोडून मदिनेला केलेलं स्थलांतर. अमेरिकन श्रोत्याला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागला असेल. आपल्याला हिजरी सन शाळेच्या इतिहासातच भेटलेला असतो, त्यामुळे निदान नावाच्या बाबतीत आपण दोन पावलं पुढे आहोत. त्यातल्या चार गाण्यांत चोवीस वर्षांच्या जेको पास्टोरियसचा फ्रेटलेस बास आहे. फ्रेटलेस म्हणजे पडदे काढलेला. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात, तो फरक. त्यामुळे बास खाली बसून ठेका धरत नाही, तो मींड घेत तिच्या आवाजाच्या शेजारून चालतो, मध्येच पुढे जातो, वळून बघतो. ड्रम जवळजवळ नाहीतच. 'साँग फॉर शॅरन' साडेआठ मिनिटांहून मोठं आहे, त्यात ध्रुवपदाचा हुक म्हणावा असं काही नाही, आणि विषय काय तर बालपणीच्या मैत्रिणीला मिळालेला संसार आणि आपल्याला मिळालेलं भटकणं, यातलं काय हवं होतं हे अजून ठरत नाही. तिशी ओलांडलेल्या, लग्नाचा विषय निघाला की पाणी आणायला उठणाऱ्या माझ्यासारख्या बाईला या गाण्याने जे दिलं ते 'ब्लू'ने दिलेलं नाही, देऊही शकत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या मुलीला ते माहीतच नव्हतं.

तिच्या गिटारबद्दल एक सांगायला हवं, कारण 'बिघडली'वाल्यांना ते कळत नाही. नऊ वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. डावा हात अशक्त राहिला, नेहमीचे कॉर्ड धरणं अवघड. म्हणून तिने हातापेक्षा तारा बदलल्या. गिटार वेगवेगळ्या पट्ट्यांत लावून घेतली, पुढे अशी पन्नासहून जास्त ट्यूनिंग्ज झाली. मोकळ्या तारांचा तो गुंजारव तानपुऱ्याच्या सवयीच्या कानाला पटकन भिडतो, पण त्यातून निघणारे कॉर्ड कुठल्याच पुस्तकात बसत नव्हते. रॉक वाजवणाऱ्यांना ते धरता येईनात. जॅझवाल्यांना आले. ती जॅझकडे गेली असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. तिचं गाणं वाजवू शकतील अशी माणसं तिकडे राहत होती. शेवटी चार्ल्स मिंगसनेच तिला बोलावलं. तो आजाराने खुर्चीला खिळला होता, त्याच्या चालींवर तिने शब्द लिहिले, आणि अल्बम बाहेर यायच्या काही महिने आधी, जानेवारी 1979 मध्ये, मेक्सिकोत तो गेला. 'मिंगस'वर वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, जेको. ही माणसं बिघडलेल्या बाईच्या मागे वाजवायला जात नाहीत. आणि 1975 चा 'द हिसिंग ऑफ समर लॉन्स', ज्यावर समीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली, त्यात बुरुंडीच्या ढोलवादकांचं रेकॉर्डिंग उचलून त्यावर मूग सिंथेसायझर चढवलाय. सॅम्पलिंग हा शब्द रुळायच्या आधी. मिनेसोटातल्या प्रिन्स नावाच्या पोराचा तो लाडका अल्बम होता. नाकं मुरडणाऱ्यांची नावं आज कुणाला आठवतात?

सगळंच झाकून मात्र नेणार नाही. 1977 च्या 'डॉन ह्वान्स रेकलेस डॉटर'च्या मुखपृष्ठावर ती काळा रंग फासून कृष्णवर्णीय पुरुष बनून उभी आहे. तो 'प्रयोग' तिने नंतरही समर्थनीयच मानला. काळ्या संगीतकारांच्या संगतीत आयुष्यातलं सर्वोत्तम काम करणाऱ्या बाईला हे कळू नये, याचा मला संताप येतो, आणि ज्यांना हा अल्बम त्यामुळे ऐकवत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण पूर्ण कारकीर्द ऐकायची म्हणजे हेही बघायचं. देवळातल्या मूर्तीला चूक करता येत नाही, म्हणून तर लोकांना मूर्ती आवडते.

आता आवाज. हा मुद्दा माझ्या घरातला आहे.

माझी आई लग्नाआधी गावातल्या वाद्यवृंदात भावगीतं गायची. मी लहान असताना भाकऱ्या थापताना गायची. पन्नाशीनंतर तिचा आवाज खाली उतरला, थोडा खरखरला. एका लग्नात कुणीतरी हसत म्हणालं, 'आता काय राहिला नाही पूर्वीचा गळा.' तेव्हापासून ती गात नाही. आग्रह केला तर म्हणते, आवाज गेला. कुठे गेला? बोलते त्याच आवाजात की.

जोनीचाही 'गेला'. नवव्या वर्षापासून सिगारेट ओढत आल्याचं ती सांगायची. सत्तरच्या दशकातला तो उंच, पक्ष्यासारखा स्वर नव्वदीत दोन मजले खाली आला. चाहत्यांनी सुतक पाळलं. मला हे त्यातही मराठी श्रोत्यांकडून ऐकलं की कमाल वाटते. सत्तरी उलटलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्डिंग्ज आपण एकमेकांना डोळे मिटून पाठवतो. सवाईच्या मांडवात एखाद्या वयस्कर गायकाचा षड्ज जरा थरथरला तर मांडव श्वास रोखून बसतो, कारण त्या थरथरण्यामागे पन्नास वर्षं आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. मग हाच कान इंग्रजी गाणाऱ्या बाईपाशी आला की अचानक पंचविशीचा दाखला का मागतो?

'बोथ साइड्स नाऊ' तिने विशीत लिहिलं, 1969 मध्ये 'क्लाउड्स'वर गायलं. सुंदर आहे, पण आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहून झाल्याचा दावा करणारी ती पोरगी थोडी नाटकीच वाटते. मग 2000 साली, छप्पन्नाव्या वर्षी, तिने ते मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत पुन्हा गायलं. संथ, खालच्या पट्टीत, धुरकट आवाजात. शब्द तेच. एमा थॉम्प्सन ज्यावर रडते ते हेच, पोरगीचं नाही. म्हणजे तुम्हीही तिच्या म्हाताऱ्या आवाजावर आधीच रडून बसला आहात, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि रडण्यावरून आठवलं. 2015 मध्ये तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणं, चालणं, गिटार धरणं, सगळं नव्याने शिकली. 2022 च्या जुलैत न्यूपोर्टला खुर्चीत बसून गायली, वय अठ्ठ्याहत्तर. ते व्हिडिओ तुमच्या फोनवर आले असतील, माझ्या तर सहा ग्रुपवर आले. सगळे रडले. पण त्यातल्या किती जणांनी 1998 चा 'टेमिंग द टायगर' ऐकला होता, जेव्हा ती गाजावाजा न करता नवी गाणी लिहित होती, दर वेळी तारा पिळायचा कंटाळा आला म्हणून ट्यूनिंग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरून वेगळेच आवाज काढत होती? बाई काम करत असते तेव्हा आपण कानात बोळे घालतो. ती मरता मरता वाचली की उठून टाळ्या वाजवतो.

प्लेलिस्टचा यात मोठा हात आहे. फोन तुम्हाला तेच देतो जे आधीच्या लाखो लोकांनी दाबलं. 'ब्लू' दाबला म्हणून 'ब्लू' येतो. त्यात 2022 च्या जानेवारीत नील यंगच्या पाठोपाठ तिने कोविडच्या अपप्रचाराविरुद्ध स्पॉटिफायवरून आपली गाणी काढली. ती परत आली मार्च 2024 मध्ये. त्या दोन वर्षांत ज्या पोरांनी संगीत ऐकायला सुरुवात केली, त्यांच्यापैकी स्पॉटिफायवरच राहणाऱ्यांसाठी ही बाई जवळजवळ नव्हतीच. मला तिचा निर्णय पटला होता आणि त्याच वेळी 'हेजिरा' नसल्याने एसटीत नाशिकपर्यंत चिडचिडही केली होती.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. शफल बंद करा. 'कोर्ट अँड स्पार्क'पासून सुरू करा, तो सगळ्यात सोपा आणि गोड. मग 'समर लॉन्स', मग 'हेजिरा' रात्रीच्या प्रवासात, खिडकीजवळची सीट मिळाली तर. मग थेट 'नाइट राइड होम' आणि 'टर्ब्युलंट इंडिगो'वर उडी मारा. 1985 चा 'डॉग ईट डॉग' मी पाच वेळा प्रयत्न करून सोडलाय. टीव्हीवरच्या पैसेखाऊ धर्मगुरूंवर तिने त्यात चांगलं झोडपलंय, पण ते सिंथेसायझर मला अजून सहन होत नाहीत. तुम्हाला जमला तर मला कळवा.

2000 सालचं ते गाणं मी गेल्या दिवाळीत आईला ऐकवलं. इंग्रजी तिला फारसं कळत नाही. संपल्यावर तिने विचारलं, 'हिचं वय काय?' मी सांगितलं. ती म्हणाली, 'अगं, मग हिची पट्टी तर माझ्याएवढीच आहे,' आणि कंदिलाची वायर लावायला उठून गेली.