घायपाताचं घर

शेताच्या बांधावरचं घायपात आपण पाहतोच. त्याचे भाऊबंद मी मुलाकडे ॲरिझोनाला गेले तेव्हा टूसॉनजवळच्या डोंगरात पाहिले. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं एकाच फुलोऱ्यात ओतायचं, वटवाघळांना मकरंद द्यायचा आणि वाळून जायचं. तिथलाच सग्वारो निवडुंग पहिल्या 8 वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो, बहुधा एखाद्या झाडाच्या सावलीत. तरी लोक मोठे सग्वारो खणून नेतात. म्हणून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने काहींत चिप बसवल्या आहेत.

मला माझी बाल्कनी आठवली. हौसेनं आणलेलं निवडुंग मी रोज पाणी घालून कुजवलं होतं. त्याचं घर कसं असतं, हेच ठाऊक नव्हतं. एकेंद्रिय जीवालाही घर असतं. आपण ते पाहायला जावं. रानातून उपटलेलं रोप मात्र घरी आणू नये.