गवसणीतली पेटी

सप्ताह उठला की पेटी गवसणीत जाते, ती पुढच्या सप्ताहापर्यंत. किन्हीराजाच्या पंचक्रोशीत, खरे तर साऱ्या वाशीम जिल्ह्यात, देवळाच्या कोनाड्यात नि घराच्या माळ्यावर अशी किती वाद्ये पडून असतील? वाजवणारे आजोबा गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. पेटी विकवत नाही आणि वाजवायला कोणी नाही.

पडून राहिलेले वाद्य जागच्या जागी मरते. भाता उंदीर कुरतडतात, पितळी सुरांवर कळंक चढतो, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तबल्याची पुडी तडकते. दहा वर्षांनी दान करायला उरतो तो लाकडाचा खोका.

सरकारी रेडिओने १९४० साली पेटीला दाराबाहेर काढले. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. तरी पेटी टिकली, कारण गावोगावच्या भजनांत तिचा भाता हलत होता. रेडिओच्या बंदीला जे जमले नाही, ते आपल्या गवसण्या करून दाखवत आहेत.

सरकारने २०२५ मध्ये १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर केले. पण ही मदत किती गावांना पुरणार? राज्यात नुसत्या ग्रामपंचायतीच २७ हजारांवर आहेत! आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारतीला आकार नंगाऱ्याचा. अभिमान वाटावा असेच ते आहे. पण नंगारा नुसता पाहून पोरांचा हात वळत नाही.

तेव्हा पडून असलेली वाद्ये गावातल्या शाळेला द्या, पण नीट विचार करून द्या. शाळेला दिलेली पेटी डेड स्टॉक रजिस्टरला चढते (नाव किती समर्पक!) आणि कपाटात बंद होते. मोडली तर भरून कोण देणार, हा धाक गुरुजींनाही असतोच. म्हणून देणाऱ्याने लेखी द्यावे, की मुलांच्या हातून मोडली तरी आमची तक्रार नाही. भाता, पुडी आधी दुरुस्त करून घ्यावी. आणि भजनी मंडळातल्या एखाद्या जाणत्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरांपुढे बसवावे. हे जाणते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. घाई आहे ती त्यासाठी.

खंजिरीवर भजन करत गावे जागवणाऱ्या तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी ऑक्टोबरात येते. त्याआधी माळ्याला शिडी लावा.