पहिलं होतं तेच बरं होतं

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका क्लायंटच्या गोडाऊनचं सॉफ्टवेअर नव्याने डिझाईन केलं. जुनं पेज म्हणजे करड्या रंगाचं, वीस-पंचवीस रकाने आणि खाली एक ‘सेव्ह’. आम्ही त्याचे तीन टॅब केले, मेनू डावीकडे नेला, रंगबिंग लावले. पंधरा दिवसांनी फीडबॅकचे फॉर्म आले. जवळजवळ सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘पहिलं होतं तेच बरं होतं.’ आम्ही हसलो. रिपोर्टात मी लिहून टाकलं, ‘बदल नकोसा वाटतोय, सवय होईल’ आणि मोकळा झालो.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा चहाच्या वेळी निघालेला यूट्यूबचा विषय. टीममधला एकजण म्हणाला, "लोकांचं काय रे, बटण एक इंच हलवलं तरी बोंब मारतात." एकेकाळी मीही हेच म्हणायचो. आता मला वाटतं की हे अर्धंच खरं आहे.

यूट्यूबचाच इतिहास बघा. पूर्वी व्हिडिओखाली पाच तारे असायचे. 2010 मध्ये पेजची मांडणी बदलली, तारे गेले आणि अंगठे आले. तेव्हाही लोक चिडले. पण त्याआधी 2009 मध्ये यूट्यूबनेच सांगितलं होतं की बहुतेक लोक पाचच तारे देतात, आणि फारच राग आला तर एक. मधले दोन-तीन-चार जवळजवळ कुणी वापरतच नव्हतं. म्हणजे पाच ताऱ्यांचं काम दोन अंगठ्यांवर भागत होतं. हातातलं फारसं काही गेलं नव्हतं, गेली ती सवय. अशी ओरड काही दिवसांत आपोआप थांबते.

आता 2013 चा नोव्हेंबर घ्या. कॉमेंट लिहायची तर गुगल प्लसचं खातं पाहिजे, असा नियम आला. पुन्हा बोंब. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, त्यानेसुद्धा जाहीर चीड व्यक्त केली. ही सवयीची तक्रार होती का? मुळीच नाही. टोपणनावाने दोन ओळी लिहिणाऱ्या माणसाला, त्याला नको असलेल्या दुसऱ्याच दुकानात नाव नोंदवायला लावलं होतं. ही ओरड काही थांबली नाही. शेवटी 2015 मध्ये ती सक्ती काढायचं यूट्यूबने जाहीर केलं. जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि लोक पहिल्या आठवड्यापासून तेच सांगत होते!

तिसरं उदाहरण 2021 चं. नापसंतीचा अंगठा ठेवला, पण त्याचा आकडा फक्त चॅनलवाल्याला दिसेल असं केलं. कारण दिलं ते खोटं नव्हतं. ठरवून, झुंडीने अंगठे खाली करून छोट्या चॅनलवाल्यांना छळण्याचे प्रकार होत होते. पण नळाचा वॉशर बदलायचा व्हिडिओ बघणारा माणूस त्या आकड्यावरून ठरवायचा की ह्या गड्याचं ऐकायचं की नाही. त्याची ही सोय गेली. पेज जास्त सुटसुटीत दिसलं म्हणून ती भरून निघत नाही.

तेव्हा माझा मुद्दा साधा आहे. तक्रारींचे दोन ढीग करा. ‘सवय मोडली’ हा एक आणि ‘काम अडलं’ हा दुसरा. पहिल्या ढिगाला वेळ द्या, दुसऱ्याला उत्तर द्या. घोटाळा असा आहे की दोन्ही ढिगांतले लोक एकच वाक्य लिहितात: पहिलं बरं होतं.

ह्यावर आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर म्हणजे, "लोक काय बोलतात ते सोड, डेटा बघ." ताऱ्यांच्या बाबतीत डेटा बरोबर होता हे वर मीच लिहिलंय. पण लोकांनी काय केलं तेवढंच डेटा सांगतो. काय करायचं होतं आणि जमलं नाही, ते त्यात येत नाही. रोजच्या चॅनलचं पान शोधणारा माणूस ते न सापडून समोर आलेलं काहीतरी बघत बसला, तर आकड्यांत तो खूशच दिसणार.

बदल करूच नये असं मी म्हणत नाही. 2017 मध्ये यूट्यूबने नवं रूप आणलं तेव्हा आधी ज्याला हवं त्याने वापरून बघावं असं ठेवलं, आणि जुन्यावर परत जायची वाटही काही काळ उघडी ठेवली. हे बरोबर केलं. परत कोण जातंय आणि का जातंय, हे विचारण्यासारखा चांगला फीडबॅक नाही.

आता पुन्हा गोडाऊनकडे. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी तिथे गेलो. डिस्पॅचचे एक काका वहीत नोंदी लिहीत होते. म्हटलं, "काका, वही कशाला?" तर म्हणाले, "दिवसा गाड्या उभ्या असतात हो. संध्याकाळी बसून एकदम चढवतो, तासभर लागतो." जुन्या पेजवर त्यांची नजर चलनावर असायची, बोटं टॅब-टॅब-एंटर करत जायची. आमच्या नव्या पेजवर टॅब दाबला की कर्सर भलतीकडेच पळायचा. प्रत्येक रकान्याला माऊस.

"फॉर्मात का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"लिहिलं की! पहिलं होतं तेच बरं होतं म्हणून."

टॅबचा क्रम नीट करायला मला अर्धा दिवस लागला. काकांचे तोवर सहा महिने रोजचा एक तास गेला होता. त्या रिपोर्टातलं माझं वाक्य मात्र अजून तसंच आहे.