न वाचलेल्या पाठाची शुद्धता

अहमदनगर लोकसभा मतदारसंघात २०२४ साली सुमारे २९ हजार मतांनी पराभूत झालेल्या सुजय विखे पाटील यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांच्या पडताळणीसाठी अर्ज केला. मायक्रोकंट्रोलरमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्राम तपासून घेण्याचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना दिला होता. निवडणूक आयोगाने आधी ठरवलेली तपासणी मात्र अशी होती: यंत्रावर १४०० पर्यंत नमुना मते टाकायची आणि ती चिठ्ठ्यांशी जुळली की प्रोग्राम निर्दोष मानायचा. प्रत्येक यंत्रसंचामागे शुल्क ४७,२०० रुपये!

नगरच्या निकालाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती 'तपासणी' या शब्दाच्या वापराबद्दल. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील अध्यापकांना एवढे तरी कळते की, एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला तो पोथ्या उघडून. कीर्तन ऐकून नव्हे.

चिप वाचता येते. २००७ साली कार्स्टन नोल आणि सहकाऱ्यांनी प्रवासी कार्डांतील 'मायफेअर क्लासिक' चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन तिची गुप्त सांकेतिक पद्धत उलगडली. तिच्यातील दोषांवरचा नायमेखेनच्या संशोधकांचा निबंध रोखण्यासाठी उत्पादक कंपनी २००८ मध्ये न्यायालयात गेली आणि हरली. वाचन झाले तर चोरांचे फावते, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. पण दोष वाचण्याआधीही तेथेच होता, आणि चोर काही निबंधाची वाट पाहत थांबत नाही.

आपल्याकडे काय झाले? २०१० मध्ये हरि प्रसाद यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, यंत्र हाती लागल्यास निकालाचा डिस्प्ले बदलता येतो, मेमरीला चिमटा लावून नोंदलेली मतेही बदलता येतात. (चिपमधला प्रोग्राम वाचण्याची गरजसुद्धा पडली नाही!) ते यंत्र मुंबईच्या सरकारी ताब्यातून चोरल्याच्या आरोपावरून त्याच ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. यंत्र बाहेर कसे गेले, याची चौकशी रास्तच. परंतु चर्चा दोषाऐवजी वाचकाचीच अधिक झाली.

२०२५ मध्ये पडताळणीची पद्धत सुधारली, आता उत्पादक कंपन्यांचेच अभियंते प्रमाणपत्र देतात. म्हणजे लेखनिकानेच आपल्या पोथीला शुद्धतेचा दाखला द्यायचा! संशोधन आणि अध्यापनासाठी चिपच्या रचनेचा अभ्यास करण्यास आपला २००० सालचा कायदाही मुभा देतो. तेव्हा आयोगाने वापरातून बाद झालेली काही यंत्रे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना द्यावीत, त्यांच्या चिपा घासू द्याव्यात आणि जे दिसेल ते छापू द्यावे.